बिब्बा बांधलेला बंपर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायची वेळच आली नाही, कारण त्या दुपारी दुसरं टोक धरून तीच उभी होती. देवाला म्हणे सगळं आधीच ठाऊक असतं, मग त्याला सांगून काय मिळणार? राहिलात तुम्ही. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला असलं काही सांगितलं की तो लगेच समजूत घालायला लागतो— ‘जाऊ द्या, वय होतं, वेळ तशी होती.’ समजूत घालणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग आहे. तुम्ही घालू नका.

परवा नागपूरहून एक गृहस्थ आला. जुन्या मोटारी विकत घेणारा. माझी काळी मोटार चाळीस वर्षं छपरीत उभी होती, तिच्याभोवती तो देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा फिरला. पुढे वाकला, बंपरवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली आणि म्हणाला, ‘वा! सगळं मूळचंच आहे ना?’

मी म्हणालो, ‘हो.’

मूळचं! तो बंपर त्या मोटारीचा नाही. तो नानांचा आहे.

नाना म्हणजे शांताचा मोठा भाऊ. आम्ही दोघेही सावली गावचे, दोघेही जंगलाचे ठेकेदार, आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. म्हणजे— माझं त्यांच्याशी पटलं नाही. त्यांना ते कळलंच नाही. मी त्यांचा जवाई. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याचा मान किती, हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. माझ्याहून वयानं एवढे मोठे असून ते माझ्या पायाला हात लावायचे. ‘जवाईबापू, तुमी बसा,’ म्हणून स्वतः उभे राहायचे. तुम्हाला वाटेल, असल्या माणसाचा राग कसा येतो? येतो. जो माणूस तुमच्यापुढे सतत वाकतो आणि तरी प्रत्येक बाबतीत तुमच्या पुढे असतो, त्याच्यासारखा चीड आणणारा माणूस दुसरा नाही.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा एका मालगुजारानं आपल्या दोन मोटारी विकायला काढल्या. काळ्या, सारख्या, एकाच दिवशी विलायतेहून आलेल्या. एक नानांनी घेतली. मग दुसरी मला घ्यावीच लागली. गाव हसायचं, ‘साळ्या-जवायाची बैलजोडी’ म्हणायचं. नानांची मोटार आली त्या दिवशी शांतानं तिच्या पुढच्या बंपरच्या आतल्या बाजूला काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून बांधला, भावाला नजर लागू नये म्हणून. माझ्या मोटारीलाही बांधते म्हणाली होती. मी नको म्हटलं. मी चांद्याच्या शाळेत शिकलेला माणूस, मला असल्या गोष्टींचं हसू यायचं.

हसू यायचं— हे लक्षात ठेवा.

त्या साली धानोऱ्याकडचा तेंदूपानांचा फड, म्हणजे पानं गोळा करून वाळवायचा ठेका, माझ्या हातून गेला आणि नानांना मिळाला. उन्हाळा भर आला होता. नानांच्या छपरीचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला काढले होते, म्हणून त्यांची मोटार चार-आठ दिवस माझ्या अंगणात, माझ्या मोटारीशेजारी उभी होती. चाबीही माझ्याकडेच. जवायाकडे ठेवलेली वस्तू म्हणजे देव्हाऱ्यात ठेवलेली, असं नाना समजायचे. त्यांचा मुलगा वसंता विशीच्या आतला; मोटारीचं भयंकर वेड. बाप चालवू देत नसे. तो माझ्याकडे यायचा, मी आत्याचा नवरा म्हणून मला मामाजी म्हणायचा, आणि हळूच चाबी मागायचा. मी द्यायचो. प्रेमानं? छे. बापाच्या मनाविरुद्ध पोरगं वागतं, यात मला गंमत वाटायची.

त्या सकाळीही दिली. तो नानांची मोटार घेऊन वैनगंगेच्या घाटावर, वळणामागच्या डोहात पोहायला गेला. मी माझी काढली आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो. रस्ता नदी ओलांडतो तिथे पाणी घोट्याएवढं, वाळूवर बांबूच्या तट्ट्या टाकलेल्या. त्यावरून मोटार पलीकडे गेली. कशाला गेलो? हातातून गेलेला फड बघायला. दुखरा दात जिभेनं चाचपतो ना माणूस, तसा.

फडावर पानांचे पुडे उन्हात मांडले होते, ओळीच्या ओळी. नानांचा मुनीम मला बघून उठून उभा राहिला, पाणी आणायला धावला. मी पाणी न पिताच परतलो. रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना जंगल. एका वळणापुढे एक माणूस चालला होता— डोक्यावर पानांचा भारा, खांद्याला कुऱ्हाड. मला तो दिसला. नीट ऐका, दिसला. मी भोंगा वाजवला नाही. मोटार येताना ऐकली की माणसानं बाजूला व्हायचं, असं तेव्हा आम्हा मोटारवाल्यांना वाटायचं. मी कशाला वाजवू? माझं डोकं आधीच फिरलेलं. तो बाजूला झाला, पण भाऱ्यामुळे त्याला अंदाज आला नाही. बंपरचा कोपरा त्याच्या कमरेत बसला. तो फिरला, खांद्यावरची कुऱ्हाड गरकन आली आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. मग पानं उडाली. सगळीकडे पानं.

मी थांबलो नाही.

त्याचं नाव लालसू, हे मला नंतर कळलं. तेव्हा तो माझ्यासाठी फक्त एक आवाज होता.

घरी येऊन पाहिलं तर पोचा असा काही नव्हता. पण बंपरच्या वरच्या काठावर कुऱ्हाडीच्या पात्याची खाच पडली होती— मुलामा तुटून आतलं काळं लोखंड दिसत होतं. पोचा ठोकून काढता येतो. खाच कशी काढणार? तसला बंपर चांद्याला मिळत नव्हता, नागपूरलाही नाही. आणि त्या माणसाच्या गावचे लोक येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाण्यात नाही जाणार. ठाण्यातला अंमलदार आमच्या ओसरीवर बसून चहा पितो, हे त्यांनी पाहिलेलं. ते घरी येतील. त्या गावाची रीतच होती. मी एकदा फाळाच्या चोरीचा निवाडा तिथे पाहिला होता. ज्या लोखंडावरून तंटा, त्या लोखंडावर हात ठेवून सगळ्यांदेखत बोलायचं. बस. ना वकील, ना साक्षीदार.

आता सांगा, शिकलेल्या माणसानं काय करावं? ठेवावा हात आणि बोलावं खोटं. लोखंड काय चावतं? मी छपरीत उभा राहून करून पाहिलं. खाचेवर तळहात ठेवला आणि मनातल्या मनात म्हणालो, ‘या लोखंडानं कोणाला धक्का लावला नाही.’ माझा हात आपोआप मागे आला. घामानं ओला. बिब्ब्याला हसणारा मी!

तेव्हा मला ती अक्कल सुचली. लोखंडच बदललं तर? शपथ खरी होईल.

वसंता तोवर मोटार परत ठेवून, चाबी खुंटीला अडकवून गेला होता. दुपार झाली. लू सुटली की आमच्याकडे कुत्रंसुद्धा बाहेर दिसत नाही. दारांना वाळ्याचे ताटवे लावून सगळं गाव झोपलेलं. मी दोन्ही मोटारींच्या मधे गोणपाट अंथरून खाली शिरलो. नट गंजलेले. राकेल सोडलं, मुरू दिलं, मग पान्याला पाइप लावून जोर केला. माझ्या मोटारीचे नट सुटले. नानांचे सुटेनात, एक छन्नीनं तोडावा लागला. हाताची सालटं गेली. पण बंपर एकट्यानं उचलला जात नाही. मी शांताला उठवलं.

ती डोळे चोळत आली. मी म्हटलं, ‘नानांचा बंपर जास्त चकचकीत आहे, अदलाबदल करू. बघू तुझ्या भावाला कधी कळतं ते.’ ती हसली. साळ्या-जवायाची थट्टा आमच्याकडे चालतेच. लग्नात जोडे लपवण्यापासून सुरू होते ती. तिनं दुसरं टोक धरलं. खाच माझ्या मुठीखाली झाकलेली होती. नंबरची पाटी आठवणीनं जिथल्या तिथे लावली. मग मी नानांच्या बंपरचा काळा दोरा सोडला.

‘बिब्बा काऊन काढता?’ तिनं विचारलं.

‘नाहीतर लगेच कळेल ना त्यांना.’

मी तो बिब्बा खाचेच्या बंपरला बांधला. तिच्यासारखीच गाठ मारून. वसंतानं त्या सकाळी मोटार नेली होती, हे त्या वेळी माझ्या मनात आलं नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. आलं होतं. नट आवळताना तेच मनात होतं.

ते लोक दोन-तीन दिवसांनी आले, पायी. पाच-सहा जण. पुढे गावाचा पुजारी, दोगे नावाचा म्हातारा. हातात लालसूची कुऱ्हाड. पात्याचा एक टवका उडालेला. काळी मोटार कोणाकोणाकडे आहे हे सगळ्या मुलखाला माहीत. मी नानांना बोलावून घेतलं. वसंताही आला. शांता पाण्याची घागर घेऊन दारात उभी.

‘आमी भांडाले नाई आलो, ठेकेदार,’ दोगे म्हणाला. ‘लालसूची कमर मोडली. आता तो उठत नाई. ज्याची मोटर हाय त्यानं बोलावं. हात ठेवा अन् बोला.’

मी पुढे होणार, तर नानांनी मला अडवलं. ‘जवाईबापूले हात ठेवाले लावता? आमच्या घरी जवायाची परीक्षा नाई घेत. पयले माही गाडी पाहा.’

पाहिलं त्यांनी. म्हातारा बंपरवरून बोटं फिरवत गेला आणि थांबला. कुऱ्हाडीचं पातं खाचेत टेकवलं. बसलं. नाना खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. मग त्यांनी मान वळवून वसंताकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, तरी माझ्याकडे त्यांची नजर वळलीसुद्धा नाही. ती वळणं शक्यच नव्हतं, मी जवाई होतो.

‘वसंता, तू गाडी नेल्ली होती का?’

त्या पोराला खोटं बोलता येत नव्हतं. ‘नेल्ली होती, बाबा. पन घाटावरच. पोहलो अन् वापस आलो. मी कोनाले नाई ठोकलं.’

‘मंग हे काय हाय?’

घाट धानोऱ्याच्याच वाटेवर. कोण विश्वास ठेवणार? नानांनी डोक्यावरची टोपी काढली, म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, ‘माह्याच गाडीनं झालं.’

मग माझी पाळी. आता कोणी शपथ मागितलीही नव्हती, तरी मी गेलो. माझ्या मोटारीला लावलेल्या नानांच्या बंपरवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, ‘या लोखंडानं कोणाला धक्का लावला नाही.’ हात मागे आला नाही. खरंच तर होतं! म्हाताऱ्यानं मान हलवली आणि कनवटीची तंबाखू काढून माझ्या तळहातावर ठेवली. स्वच्छ माणसाला देतात तशी. मी ती खाल्ली.

मागे घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला. शांता आत गेली होती. त्या संध्याकाळी पान वाढताना ती एवढंच म्हणाली, ‘मले आता माहेरी पाठवू नोका.’ एकाच गावात माहेर, हाकेच्या अंतरावर. ती भाऊबीजेलासुद्धा गेली नाही. नानांना वाटलं, आपल्या पोराच्या करणीची बहिणीला लाज वाटते. ते मला म्हणायचे, ‘तिचं बरोबर हाय.’

पंचांनी ठरवलं ते असं, की लालसू जिवंत आहे तोवर त्याच्या घरचं वर्षाचं धान नानांनी भरायचं, आणि पावसाळ्यात त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नानांच्या बैलांनी नांगर धरायचा. नानांनी कधी चुकवलं नाही. धानाची बंडी स्वतः हाकत न्यायचे. मोटारीत पुन्हा बसले नाहीत. ती त्यांच्या छपरीतच कुजली, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. धानोऱ्याचा फड पुढच्या साली मला मिळाला. मला आनंद झाला. उगीच का लपवू? झाला.

नाना अपघात पचवू शकले असते, पोराचं खोटं पचवू शकले नाहीत. ‘एक डाव खरं बोल, मी माफ करतो,’ रोज हेच. पोराकडे द्यायला दुसरं खरं नव्हतंच. शेवटी तो घर सोडून बल्लारशाला गेला, कोळशाचा ट्रक चालवायला लागला.

इथवर ऐकून तुम्हाला वाटत असेल, हीच ती कबुली. नाही. ही तर बंपरची गोष्ट झाली. बंपर मी रागात आणि भीतीत बदलला. पुढचं मी शांत डोक्यानं केलं.

दोन-तीन वर्षांनी नाना आजारी पडले. पोटात काही राहीना, हाडांचा सापळा झाले. मला बोलावून घेतलं आणि पडल्या पडल्या माझ्या पायाकडे हात नेला. ‘जवाईबापू, तुमी जा. तुमचं तो ऐकते. त्याले म्हना, एक डाव कबूल हो. मी सुखानं डोळे मिटतो.’

मी गेलो. वसंता खाणीबाहेर ट्रक धूत होता. मला पाहून वाकून पाया पडला. मी निरोप सांगितला. त्यानं बादली खाली ठेवली.

‘मामाजी, चाबी तुमीच देल्ली होती. मी किती लवकर वापस आलो ते तुमाले ठाऊक होतं. तुमाले बी वाटते का, मी केलं?’

काय सोपं होतं हो! एक वाक्य. तिथे आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, ‘बाप मरून राह्यला, बाबा. हो म्हन ना. तुले काय जाते?’

‘मंग खोटं बोलू?’

त्यानं मला चहा पाजला, मोटारीपर्यंत सोडायला आला. बंपरवर हात टेकवून उभा राहिला, स्वतःच्याच बापाच्या बंपरवर, आणि म्हणाला, ‘बाबाले म्हना, मी येतो. पन कबूल नाई होत.’

मी सावलीला परतलो. नानांच्या खाटेशी बसलो. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले. मी म्हणालो, ‘वसंता कबूल झाला. रडला. चुकलो म्हणाला.’

दयेनं बोललो, असं समजायची तुम्हाला मुभा नाही. मरणाऱ्या माणसाला शांती मिळावी म्हणून मी ते बोललो नाही. तो येऊन बापासमोर बसला असता, दोघं बोलले असते, त्या सकाळचा तास न् तास निघाला असता— चाबी कोणी दिली, दुसरी मोटार कुठे होती. मला ते दार कायमचं बंद करायचं होतं. केलं. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारीपाजारी जमले होते त्यांना ते सांगत सुटले, ‘माह्यं पोरगं आखरीले खरं बोललं.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

वसंता दुपारी पोहोचला. मडकं धरायच्या आधी लोक एकेक करून त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. ‘बरं केलं पोरा, कबूल झाला. म्हातारा शांत गेला.’ तो प्रत्येकाकडे बघत राहिला. त्याला आधी कळेना. मग कळलं. त्यानं गर्दीत मला शोधून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी त्याला सगळंच कळलं, बंपरसकट.

मी वाट पाहत होतो. आता हा ओरडणार. सगळं गाव उभं होतं, शांता उभी होती. त्यानं तोंड उघडलंही. मग खाली बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, मडकं उचललं आणि पुढे चालू लागला.

तो कधी बोलला नाही. लालसू होता तोवर त्याच्या घरचं धान बल्लारशाहून तोच पाठवत राहिला, ट्रकमध्ये टाकून. गाव अजून म्हणतं, पोरानं चूक केली पण निस्तरली. शांता गेली तेव्हा तो आला, आत्याच्या पायाला हात लावला, माझ्याशी बोलला नाही, परत गेला.

मोटार परवा नागपूरच्या माणसानं ट्रकवर चढवून नेली. वसंता बल्लारशालाच आहे, म्हातारा झालाय म्हणतात. सकाळची बस दुपारी तिथे पोहोचते. मी गेलेलो नाही. हे तुम्हाला सांगितलं, त्याला नाही.